४० टक्के ऑनलाइन, १०० टक्के घरात

"कॉलेज आता ऑनलाइनच आहे ना, मग रोज रोज जायचं कशाला?"

पदवीनंतर पुढे शिकणाऱ्या किती मैत्रिणींनी हे वाक्य ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही. बोलणारे कधी अब्बा असतात, कधी मोठा भाऊ, कधी मंगनी झाल्यावर होणारी सासू. बोलण्यात राग नसतो, उलट काळजी असते. एसटीची गर्दी, ऊन, संध्याकाळी घरी यायला होणारा उशीर. म्हणूनच त्याला उत्तर द्यायला जड जातं. रागाने कोणी अडवलं तर भांडता येतं, काळजीने अडवलं तर गप्प बसावं लागतं.

मला त्या वाक्याचंच उत्तर द्यायचं आहे. एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम., एमसीए, एमबीए या अभ्यासक्रमांत आता 'ब्लेंडेड' पद्धत रुळली आहे, म्हणजे काही तास ऑनलाइन आणि काही वर्गात. पद्धत म्हणून ती वाईट नाही. पण ती राबवताना अनेक कॉलेजांनी आपला खर्च वाचवला, घरांनी आपली भीती जपली आणि दोघांनी मिळून बिल मुलीच्या नावावर फाडलं.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑनलाइन शिक्षणाला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं इचलकरंजीतल्या मुलीला 'एनपीटेल'वर फुकट ऐकायला मिळतात, ही लहान गोष्ट नाही. दिवसभर मोबाइलच्या दुकानात काम करून एम.कॉम. करणारा मुलगा आणि तान्हं बाळ सांभाळत एम.ए. पुरं करणारी बाई, दोघंही मला माहीत आहेत. ऑनलाइन तास नसते तर दोघांनीही शिक्षण सोडलं असतं. त्यामुळे 'ऑनलाइन बंद करा' असं मी म्हणणार नाही. त्याचा आडोसा करून वर्ग बंद करू नका, एवढंच म्हणते आहे.

आधी नियम पाहू, कारण घरात वाद घालताना तो उपयोगी पडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये ब्लेंडेड पद्धतीचा मसुदा काढला. त्यात विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन आणि उरलेला ६० टक्के प्रत्यक्ष वर्गात शिकवावा असं सुचवलं होतं. त्याच वर्षी 'स्वयम'चे नियमही बदलले. आधी एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंतच विषय 'स्वयम'वरून करता यायचे, ती मर्यादा ४० टक्के झाली. म्हणजे ऑनलाइनचा आग्रह धरणाऱ्यांनीही मोठा वाटा वर्गाकडेच ठेवला आहे. पदव्युत्तर शिक्षण घरी बसून होतं असं त्यांनीही कुठे म्हटलेलं नाही. ते आपण ठरवून टाकलं.

आता घरात काय होतं ते बघा. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी महिन्यातून एका रविवारी मिरज-सांगली भागातल्या पदव्युत्तर मुलामुलींना भेटतो. कोणाला प्रोजेक्टमध्ये मदत हवी असते, कोणाला नोकरीचा अर्ज लिहायचा असतो. बोलता बोलता त्यांच्या तासांचा विषय निघतोच.

एमसीए करणारी एक मुलगी सांगत होती की तिचा ऑनलाइन तास अकरा वाजता असतो. अकरा म्हणजे घरात पाहुणे यायची, भाजीवाला ओरडायची आणि भाकऱ्या टाकायची वेळ. दोन खोल्यांत सात माणसं. ती कॉलेजला गेलेली असते तेव्हा भाकऱ्या तिच्याविनाही होतात. ती घरात दिसली की मात्र हाक येतेच, कारण कानात इयरफोन घालून भिंतीकडे बघत बसलेली मुलगी कोणाला काम करताना दिसत नाही. एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या मुलीचं दुखणं वेगळं. थिअरी ऑनलाइन गेल्यावर कॉलेजने महिन्याभराची प्रॅक्टिकल्स सलग तीन दिवसांत उरकायला सुरुवात केली. एका टेबलाभोवती सहा जणी, आणि प्रयोग एकीनेच करायचा. बाकीच्यांनी निरीक्षणं उतरवून घ्यायची. एम.ए. अर्थशास्त्राचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या सेमिनारला सगळ्यांचे कॅमेरे बंद. सर विचारतात, ऐकू येतंय ना? तेवढ्यापुरता एक जण 'येस सर' टाइप करतो."

डेटाचं गणित यात धरलेलंच नाही. तासाभराच्या व्हिडिओ वर्गाला अर्धा ते एक जीबी सहज जातो. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक तीन भावंडांत वाटून घ्यायचा असेल तर दुसऱ्या तासाला कोण बसणार? बहुतेक घरांत हे न विचारताच ठरतं, आणि कोणाच्या बाजूने ठरतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका सुमारे ३८ टक्के आहेत आणि पुरुष ६१ टक्क्यांच्या वर. घरात वायफाय आलं म्हणजे ते घरातल्या सगळ्यांचं झालं, असं होत नाही.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. आधीच्या एका नोकरीत दोन वर्षं मी कॉलेजांना विकल्या जाणाऱ्या शिकवणीच्या सॉफ्टवेअरवर काम केलं. प्राचार्यांना दिसणाऱ्या पडद्यावर हिरव्या पट्ट्या असत, 'अमुक टक्के विद्यार्थ्यांनी घटक पूर्ण केला' असं सांगणाऱ्या. पूर्ण केला म्हणजे काय? व्हिडिओ शेवटपर्यंत चालला. बघणारी समोर होती की चुलीपाशी, दुप्पट वेगाने चालवला की आवाज बंद करून, यातलं काहीच त्या पट्टीला कळत नसे. मागच्या नोंदी मात्र मला वाचता यायच्या. मुलींच्या नावांची कितीतरी लॉग-इन रात्री अकरानंतरची असत. सगळं घर झोपल्यावर त्या अभ्यासाला बसत होत्या. आमच्या मीटिंगमध्ये याला 'लवचीकता' म्हणत आणि विक्रीच्या सादरीकरणात ते कौतुकाने दाखवत. मी आक्षेप घेतला तेव्हा उत्तर मिळालं की ग्राहक कॉलेज आहे, विद्यार्थिनी नाही. तेव्हापासून हिरव्या पट्टीवरचा माझा विश्वास उडाला.

कोणी म्हणेल की पदव्युत्तर विद्यार्थी मोठे असतात, ते स्वतः वाचू शकतात. खरं आहे, आणि वर्गाची गरज त्याचमुळे जास्त आहे. बी.ए.पर्यंत पुस्तक पाठ करून निभावतं. एम.ए.ला प्रश्न विचारायला शिकायचं असतं. राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची नवी रचना आली, त्यात संशोधन पद्धती आणि ऑन जॉब ट्रेनिंग आलं. या गोष्टी व्हिडिओवर बघून येत नाहीत. तास संपल्यावर मॅडमच्या मागे स्टाफरूमपर्यंत चालत जाऊन विचारलेली शंका, कँटीनमध्ये सीनियरने सांगितलेली नेट-सेटची तयारी, ट्रेनिंगसाठी सरांनी केलेला फोन, यावरच पुढचं आयुष्य उभं राहतं. ज्यांच्या घरात आधीच कोणी प्राध्यापक, डॉक्टर, अधिकारी आहे, त्यांना या ओळखी जेवणाच्या टेबलावर मिळतात. आपल्यातले बहुतेक जण घरातले पहिलेच एम.ए., एम.एस्सी. आपल्याला त्या फक्त कॉलेजच्या आवारात मिळणार आहेत, आणि नेमकं तेच आवार आपण सोडून देतो आहोत.

२००६ मध्ये सच्चर समितीने सांगितलं होतं की नामांकित कॉलेजांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम आहे आणि पदव्युत्तर वर्गात ५० मागे एक. पायरी चढताना आपली संख्या निम्मी होत होती. पुढे उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत २०२०-२१ साली देशाची एकूण पटसंख्या वाढून ४ कोटी १३ लाखांवर गेली, आणि मुस्लिम विद्यार्थी मात्र आदल्या वर्षीपेक्षा ८ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे पावणेदोन लाखांनी कमी झाले. त्यामागे रोजगार बुडण्यापासून बरीच कारणं असणार. पण शिक्षण घरपोच मिळेल असं ज्या वर्षी सांगितलं गेलं, त्याच वर्षी आपली मुलं गळाली, हे विसरून चालणार नाही. शिक्षण घरी आणून ठेवलं म्हणजे पोचलं, असं नसतं.

कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, त्यात मुस्लिम बोर्डिंगही होतं. फी माफ करून भागणार नाही, गरीब घरातल्या मुलाला बसायला, राहायला, दिव्याखाली वाचायला जागा लागते, हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं. सव्वाशे वर्षांनी आपण मुलीला सांगतो आहोत की जागा कशाला, मोबाइल आहे ना!

यातली थट्टा बघा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. आपल्यातले बागवान, मोमीन, अत्तार, तांबोळी असे कितीतरी जण ओबीसीत येतात. म्हणजे तिकीट आणि फी ही दोन जुनी कारणं बरीच ढिली झाली, आणि नेमकं तेव्हा 'ऑनलाइन आहे ना' हे तिसरं कारण हाताशी आलं. कपड्यांवरून मुलींना गेटवर अडवणाऱ्या कॉलेजांनाही ते सोयीचं आणि घराच्या उंबऱ्यावर अडवणाऱ्यांनाही. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघे या एका बाबतीत एकमताने वागतात.

मग करायचं काय? प्रवेश घेतानाच कॉलेजकडे लेखी वेळापत्रक मागा. कोणते दिवस प्रत्यक्ष आणि कोणते ऑनलाइन, हे सत्र सुरू होण्याआधी कळलं पाहिजे. तो कागद घरी दाखवता येतो. ऑनलाइनच्या दिवशीही लायब्ररी आणि कॉम्प्युटर लॅब उघडी राहील आणि तिथे बसून तास करता येईल, ही मागणी विद्यार्थ्यांनी मिळून प्राचार्यांना द्या. व्हिडिओ कमी जागेत डाउनलोड करता येतील असे ठेवा म्हणावं. तांत्रिकदृष्ट्या हे एका दुपारचं काम आहे, कोणी अवघड आहे म्हणालं तर मला बोलवा. आणि प्रॅक्टिकल्सचे तास छाटले जात असतील तर गप्प बसू नका, फी पूर्ण भरलेली आहे.

भावांनो, आता तुमच्याशी. तुमची बहीण ऑनलाइन तासाला बसली की ती घरात नाही असं समजा. दार लोटून घ्या, पाहुण्यांना चहा तुम्ही द्या आणि त्या तासापुरता डेटा तिच्यासाठी सोडा. वर्गाच्या दिवशी तिला एसटी स्टँडवर सोडायची तुमची तयारी असते. तेवढीच तयारी, संध्याकाळी ती लायब्ररीतून सातला आली तर प्रश्न न विचारण्याची ठेवा.

आणि जमातीच्या, ट्रस्टच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. गावोगावी आपले शादी हॉल उभे आहेत. लग्नाच्या तारखा सोडल्या तर ते कुलूपबंद असतात. पंखे आहेत, दिवे आहेत, टेबलखुर्च्या आहेत. एक वायफाय घ्या, सकाळी दहा ते रात्री आठ दार उघडं ठेवा, मुलामुलींना अभ्यासाला बसू द्या. खर्च एका लग्नातल्या मंडपाच्या सजावटीहून कमी येईल. जकातीच्या पैशातून चालेल की नाही यावर दोन महिने चर्चा करू नका, हॉलच्या भाड्यातून करा.

राहिला पहिला प्रश्न, रोज जायचं कशाला? मैत्रिणींनो, उत्तर देताना आवाज चढवायची गरज नाही. आयोगाच्या मसुद्यातही शंभरातले साठ तास वर्गात आहेत, त्यासाठी जायचं. उरलेल्या चाळिसांसाठी लायब्ररी आहे, तिथेही जायचं. अब्बांनी वेळापत्रक मागितलं तर ते द्या, मॅडमचा नंबर मागितला तर तोही द्या, एकदा कॉलेज बघायला घेऊन जा. पण या सत्रात घरी बसून बघ आणि पुढच्या सत्रात ठरवू, असं कोणी म्हणालं तर त्याला हो म्हणू नका. पुढच्या सत्रात ते ठरवायला कोणी बसत नाही.