आत्महत्या रोखायच्या तर कृषी खातेही हवे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात 1,70,924 जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी 22,746 जण महाराष्ट्रातले. हा आकडा राज्यांत सर्वाधिक. त्याच वर्षी केंद्राने आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केले. 2030 पर्यंत हे मृत्यू 10 टक्क्यांनी कमी करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. मानसोपचारतज्ज्ञ वाढवायला हवेतच, पण तेवढ्याने ते गाठता येणार नाही.

अनेकदा ही कृती काही मिनिटांच्या आवेगात घडते. भांडण होते, त्यात दारूची भर पडते आणि कीटकनाशक घरातच असते. त्या प्रसंगातून वाचलेले बहुतेक जण पुढे आत्महत्येने दगावत नाहीत. म्हणून घातक साधन हाताशी नसणे हाच मोठा उपाय ठरतो. श्रीलंकेने 1995 पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. पुढच्या दोन दशकांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे 70 टक्क्यांनी उतरला. त्यामुळे पिकांचे उत्पादन घटल्याचेही दिसले नाही.

आपल्याकडे 1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार राज्याला फक्त तात्पुरती विक्रीबंदी घालता येते. कायमची बंदी केंद्राच्या हातात आहे. तिचा पाठपुरावा आरोग्य आणि कृषी खात्याने मिळून करायला हवा.

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात विषबाधेचा रुग्ण, दारू पिऊन दुचाकीवरून पडलेला आणि मारहाणीत डोके फुटलेला एकाच दारातून येतात. तिघांचीही नोंद एमएलसी रजिस्टरमध्ये होते. पुढे मात्र कागद पोलिसांकडे, दारूचा विषय उत्पादन शुल्क विभागाकडे आणि औषधोपचार आरोग्य खात्याकडे जातो. कोणते विष, कोणता तालुका, दारूचा किती वाटा, हे जिल्हा पातळीवर दरमहा एकत्र मांडले, तर कुठे काय करायचे ते कळेल.

शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच ठिकाणच्या अभ्यासात, त्यात चेन्नईही होते, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांशी घरी जाताना नीट बोलून पुढचे 18 महिने संपर्क ठेवण्यात आला. त्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू लक्षणीय कमी होते. प्रशिक्षण मिळाले तर हे काम परिचारिका आणि आशाताईही करू शकतील.

मन फार अस्वस्थ असेल, तर ‘टेली मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर कधीही फोन करावा.