शॉकअप बदलायला एक दिवस, गाडीला ते पटवायला तीन आठवडे

पावसाच्या तोंडावर आरोंद्याला मामाकडे गेलो होतो. मामाकडे सेकंडहँड घेतलेली दोन दारांची एक स्पोर्ट्स कार आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. तेरेखोलच्या काठाची खारी हवा, तांबडी धूळ आणि खड्डे या तिघांनी मिळून पुढच्या दोन्ही शॉकअपांचं तेल बाहेर काढलं होतं. सर्व्हिस सेंटरने जो खर्च सांगितला, त्यात गावात एखादी बरी जुनी छोटी गाडी आली असती. मग पार्ट बाहेरून मागवले आणि शिरोड्याच्या एका मेकॅनिकला बोलावून काम घरच्या खळ्यातच करायचं ठरलं.

मेकॅनिकने जुना शॉकअप खाली उतरवला, उलटसुलट करून पाहिला आणि मामाला विचारलं, "भाऊनू, शॉकअपाक वायर कित्याक?"

हा सगळा लेख त्या वायरबद्दल आहे.

आधी शॉकअप म्हणजे काय ते थोडक्यात. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, ते स्प्रिंग पेलते. पण स्प्रिंगला एकदा दाबलं की ती नाचत राहते. शॉकअपच्या नळीत तेल असतं आणि त्यात बारीक भोकं असलेला पिस्टन वरखाली होतो. तेल त्या भोकांतून जबरदस्तीने जातं, उसळीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि नाच थांबतो. तेल गळालं की गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डुलते, वळणावर झुकते आणि ब्रेक मारल्यावर चाक रस्त्याला नीट चिकटून राहत नाही. म्हणजे हा फक्त आरामाचा प्रश्न नाही.

साधा शॉकअप बदलणं घरी जमण्यासारखं काम आहे, पण एक जागा खरोखर जीवघेणी आहे. पुढच्या चाकांना बहुतेक गाड्यांत शॉकअप स्प्रिंगच्या आतून गेलेला असतो. वरचा मधला नट सोडण्याआधी स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून दाबून धरावी लागते. ती सुटली तर तोंड, हात, जे समोर येईल ते फोडते. इथे दोरी बांधून, लाकूड अडकवून असले जुगाड करू नका. आम्ही कॉम्प्रेसर भाड्याने आणला, जॅकवर विश्वास न ठेवता गाडी स्टँडवर घेतली आणि स्टँडखाली जाड फळ्या टाकल्या, कारण खळ्याची जमीन मऊ होती. डावा-उजवा जोडीनेच बदलायचा, रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना जशी बसते त्या उंचीवर शेवटचे आवळायचे आणि नंतर अलाईनमेंट करायची. एवढं पाळलं तर काम सरळ आहे. खारी हवा असलेल्या गावात गंजलेले बोल्ट अर्धा दिवस खातात, तेवढं मात्र धरून चाला.

आमचाही अर्धा दिवस त्यातच गेला. आणि त्याच गंजाने घात केला. चाकाची उंची मोजणाऱ्या सेन्सरची एक बारीक काडी असते, ती माझ्याच हातून तुटली. सेन्सर नवा आला, बसवला, गाडी चालू केली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. शॉकअप नवे असूनही गाडी होडीसारखी डुलत होती.

मामाच्या गाडीतले शॉकअप मॅग्नेटिक प्रकारचे आहेत. डेल्फाय कंपनीचं हे तंत्र गाडीत पहिल्यांदा आलं ते २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये. पुढे ते कॉर्व्हेट, ऑडी, फेरारी यांच्याही काही मॉडेलांत गेलं. नळीतल्या तेलात लोखंडाचे अतिबारीक कण मिसळलेले असतात आणि पिस्टनमध्ये तारेची कॉईल असते. कॉईलमधून करंट गेला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, कण साखळीसारखे रांगेत उभे राहतात आणि काही मिलिसेकंदांत तेल घट्ट झाल्यासारखं वागतं. करंट किती द्यायचा हे कंट्रोल युनिट ठरवतं आणि त्यासाठी त्याला प्रत्येक चाक नेमकं किती वरखाली आहे ते कळावं लागतं. नवा सेन्सर लावला की त्याचा 'शून्य' कुठे हे युनिटला माहीत नसतं. मग युनिट हात वर करतं, करंट बंद होतो आणि शॉकअप सर्वात मऊ अवस्थेत पडून राहतो.

यावरचा उपाय ऐकून हसू येईल. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी टेपने मोजायचं आणि ते चार आकडे गाडीला सांगायचे. एवढंच! मोजायला आम्हाला पाच मिनिटं लागली. सांगायला तीन आठवडे लागले. माझ्या स्वस्तातल्या ओबीडी डोंगलने एरर कोड वाचून दाखवला, पण आकडे लिहिण्यासाठी योग्य डायग्नोस्टिक टूल आणि ॲक्सेस कोड लागतो. ज्या सर्व्हिस सेंटरला विचारलं त्यांचं उत्तर होतं, आम्ही न बसवलेल्या पार्टचं कॅलिब्रेशन आम्ही करत नाही. शेवटी पूल ओलांडून गोव्यातल्या एका स्वतंत्र गॅरेजवाल्याकडे ते टूल मिळालं. अर्ध्या तासाच्या आत दिवा गेला.

माझा दिवसभराचा धंदा सॉफ्टवेअरचा, म्हणून हे जरा जास्तच टोचलं. लोखंडाचं काम गावात झालं. चार आकड्यांची एंट्री मात्र अडली.

२०१४ चा निकाल काय म्हणाला होता

भारतात या प्रश्नावर काहीच झालेलं नाही असं नाही. जानेवारी २०११ मध्ये शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की काही कार कंपन्या सुटे भाग आणि डायग्नोस्टिक टूल खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. सुरुवात तीन कंपन्यांपासून झाली, चौकशी मात्र वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. आयोगाचं म्हणणं साधं होतं. गाडी घेताना तुमच्यापुढे दहा कंपन्या असतात, पण घेतल्यावर तिच्या सुट्या भागांच्या बाजारात एकच दुकान उरतं, आणि त्या दुकानाचा मालक तीच कंपनी.

दंडाच्या आकड्याच्या बातम्या झाल्या. माझ्या मते महत्त्वाचा भाग दंडाच्या पुढे होता. सुटे भाग आणि डायग्नोस्टिक टूल सहज मिळण्याची व्यवस्था करा, स्वतंत्र गॅरेजच्या वाटेत अडथळे आणू नका, बाहेर काम केलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे निर्देश त्यात आहेत. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपील लवादाने तीन कंपन्यांच्या बाबतीत मुख्य निष्कर्ष कायम ठेवला आणि दंड मोजण्याचा पाया बदलून फक्त सुट्या भागांच्या उलाढालीवर आणला.

पण २०१४ मध्ये 'टूल' म्हटलं की डोळ्यांपुढे एक खोकं यायचं, जे विकत घेता येतं. आज ते खोकं कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय काम करत नाही. फियाट क्रायस्लरने २०१८ च्या मॉडेलांपासून सिक्युरिटी गेटवे बसवायला सुरुवात केली. फोक्सवॅगन ग्रुपच्या नव्या पिढीच्या गाड्यांत एसएफडी नावाचं कुलूप आहे. बरीच कोडिंग आणि ॲडॅप्टेशनची कामं करायची तर ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते आणि कुलूप ९० मिनिटांपुरतं उघडतं. मामाची गाडी जुनी, तिला कोड पुरला. तिच्याच आजच्या पिढीतल्या बहिणीला गोव्यातल्या त्या गॅरेजवाल्याचं टूल एकट्याने पुरेलच असं नाही.

याची तुलना पुलापलीकडच्याच एका गाडीशी करावीशी वाटते. सॅन स्टॉर्म आठवते? गोव्यात बनलेली, फायबरच्या बॉडीची, ११४९ सीसीचं रेनो इंजिन असलेली दोन सीटची कन्व्हर्टिबल. आज तिचं उत्पादन बंद आहे. तरी अशी गाडी कुणाकडे असेल तर तिचा शॉकअप मोजपट्टीने शोधता येतो. लांबी, पिस्टनचा प्रवास, बोल्टचं माप जुळवा, स्प्रिंगला साजेसा जोर बघा आणि बसवा. कंपनी असो वा नसो, गाडी कुणाची परवानगी मागत नाही. मॅग्नेटिक शॉकअपची गाडी १५ वर्षांनी कुणाला विचारणार, जर विचारायचा सर्व्हरच बंद झाला असेल?

कुलूप का आहे, हेही बघू

इथे कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. जुलै २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलासेक या दोघांनी हायवेवर धावणारी जीप चेरोकी घरबसल्या इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली आणि सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन एका नेटवर्कवर असतील तर त्यात कुणीही काहीही लिहू नये हे बरोबरच आहे. युरोपात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सायबर सुरक्षेचा संयुक्त राष्ट्रांचा नियम १५५ लागू आहे. मी कंपनीत असतो तर गेटवे मीही बसवला असता.

पण कुलूप असावं का आणि किल्ली कुणाकडे असावी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्या ऑफिसात प्रॉडक्शन सर्व्हर सगळ्यांना उघडा नसतो. ज्याचं काम आहे त्याला त्याच्या नावाने, तेवढ्यापुरता ॲक्सेस मिळतो आणि लॉग राहतो. गाड्यांतही हे करता येतं. अमेरिकेत स्वतंत्र गॅरेजवाला ऑटोऑथवर नोंदणी करून तो गेटवे रीतसर उघडू शकतो. युरोपियन युनियनने सुरक्षेशी संबंधित दुरुस्तीच्या माहितीसाठी सर्मी ही योजना आणली, ज्यात गॅरेजमधल्या माणसाची पडताळणी होऊन त्याला डिजिटल सर्टिफिकेट मिळतं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर २०२० मध्ये मतदारांनी सुमारे ७५ टक्के मतांनी ठरवलं की गाडी बिनतारी पाठवते ती दुरुस्तीची माहितीही मालकाला मिळाली पाहिजे. त्यावर कोर्टबाजी झाली, २०२३ मध्ये केंद्रीय वाहतूक सुरक्षा संस्थेने सायबर धोक्याचा आक्षेप घेतला आणि काही आठवड्यांनी जवळच्या अंतरावरून माहिती देण्याचा मधला मार्ग मान्य केला.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. शेतीची यंत्रं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात धरली. त्यानंतर २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल दिला. वस्तू किती खोलून काढता येते, सुटे भाग कधी मिळतात, कोणती टूल लागतात, सॉफ्टवेअर अपडेट मिळतात का, असे चांगले निकष त्यात आहेत. पण तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी आहे. वाहनं त्यात नाहीत. माझी तक्रार नेमकी इथे आहे. फोनच्या बाबतीत सॉफ्टवेअर हा दुरुस्तीचा भाग मानला गेला. चार चाकांच्या संगणकाबाबत आपण अजून मुख्यतः मॅन्युअल, पार्ट आणि सर्व्हिस सेंटरच्या पत्त्यांवर बोलतोय.

सेकंडहँड स्पोर्ट्स कार बघत असाल तर शॉकअपला वायर आहे का ते आधी विचारा. असेल तर कॅलिब्रेशन कोणत्या टूलने होतं, ते टूल ऑनलाइन परवानगी मागतं का आणि ती कुणाला मिळते, हे जवळच्या स्वतंत्र गॅरेजला फोन करून विचारा. वायर नसलेले शॉकअप आणि कंट्रोल युनिटला फसवणारे मॉड्यूल असा पर्याय केडब्ल्यूसारख्या कंपन्या काही गाड्यांसाठी विकतात. चालतं, पण ज्यासाठी गाडी घेतली ती गोष्टच त्यात निघून जाते.

मामाच्या गाडीचे मागचे दोन अजून जुनेच आहेत. दिवाळीत बदलायचे ठरलेत. यावेळी सेन्सरच्या काडीवर दोन दिवस आधीच तेल मारून ठेवायला सांगितलंय, आणि शिरोड्याचा मेकॅनिक म्हणतोय की गोव्याला जाताना त्याला पण घेऊन जा, ते टूल त्याला बघायचंय.