चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या

तुळशीचे लग्न लागले की आदिलाबादेत कार्यांची गडबड सुरू होते, ती मधला पौष वगळला तर थेट ज्येष्ठापर्यंत चालते. सोयरिका पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर जुळतात. किनवट आणि राजुरा हे तालुके तर 1956 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. सीमा बदलल्या तरी माहेर-सासरचे येणे-जाणे थांबले नाही. या कार्यांतून अलीकडे एक गोष्ट आम्हांस वारंवार खटकते. बोहल्यावर उभी असलेली मुलगी चेहऱ्याने एका रंगाची असते आणि गळ्याने, हातांनी दुसऱ्या. मुंडावळ्यांमागे पांढुरका, किंचित राखी मुखवटा, आणि त्याखाली तिची स्वतःची गव्हाळ किंवा सावळी मान. खर्च भरपूर झालेला असतो. प्रसाधन करणारी बाईही बहुधा आपल्या कामात तरबेज असते. मग असे का व्हावे?

रंग निवडतो कोण, ते पाहावे म्हणजे उलगडा होतो. वधू गप्प बसलेली असते, आणि मागून मावशी, आत्या, क्वचित आईसुद्धा सांगते, "एक शेड उजळच लावा हो, फोटोत बरे दिसते." बाजाराने हे मागणे वर्षानुवर्षे जोपासले आहे. 'फेअर अँड लव्हली' हे मलम 1975 मध्ये आपल्याकडे आले. त्याच्या नावातील 'फेअर' हा शब्द 2020 साली गळला. डबीवरचा शब्द गेला, घरांतले वाक्य मात्र गेले नाही. 'रंगाने सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे,' असे आपण अजूनही म्हणतो. सावळ्या पांडुरंगाला ज्या घरांतून ओवाळले जाते, त्याच घरांतून हे 'तरी' ऐकू यावे, याचे आम्हांस नवल वाटते.

असो. उजळ लेपाने सावळा चेहरा उजळ का दिसत नाही, याचे कारण लेपाच्या घटकांतच आहे. फाउंडेशन म्हणून जे मिळते त्यात रंग आणणारे पदार्थ मुख्यतः चार. पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड, आणि पिवळी, तांबडी व काळी अशी लोहाची ऑक्साइडे, म्हणजे आपल्या गेरूच्याच जातीचे रंग. यांचे प्रमाण बदलले की छटा बदलते. फिक्या छटेत पांढऱ्याचा वाटा अधिक असतो. त्याचा पातळ थर गडद त्वचेवर बसला की खालचा रंग त्यातून डोकावतो आणि दोहोंच्या मिश्रणाने चेहरा उजळ न होता राखेसारखा होतो. फोटोच्या झगझगीत दिव्यात तर तो अधिकच पांढरा फटक दिसतो. ज्या फोटोसाठी हा खटाटोप, तोच त्यामुळे बिघडतो.

छटा निवडताना दोन गोष्टी पाहावयाच्या असतात. एक, वर्ण किती गडद आहे. आणि दुसरी, त्या वर्णाखाली झाक कोणती आहे. दोन भगिनी सारख्याच गव्हाळ असतील, परंतु एकीच्या कांतीत पिवळसर झाक असते, दुसरीच्या तांबूस. दोघींना एकच डबी शोभणार नाही. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या ते पाहून झाक ओळखावी, असा एक उपाय सांगितला जातो. सावळ्या हातावर शिरा नीट दिसतच नाहीत, म्हणून आम्ही त्यावर फारसा भरवसा ठेवीत नाही. त्यापेक्षा आपल्या रंगाच्या आसपासच्या तीन छटा घ्याव्यात, आणि जबड्याच्या कडेवर, गालापासून मानेवर उतरतील अशा, त्यांच्या तीन बारीक रेघा ओढाव्यात. जी रेघ दिसेनाशी होईल ती आपली. बहुतेक दुकानांत हाताच्या पाठीवर लावून दाखवितात. पण तो भाग उन्हाने रापलेला असतो, त्याचा चेहऱ्याशी मेळ नसतो.

रेघा ओढल्यावर लगेच निर्णय करू नये. पुष्कळशी फाउंडेशने त्वचेवरील तेलाशी मिसळून दहा-पंधरा मिनिटांत किंचित गडद होतात. तेवढ्या वेळात दुकानातून बाहेर यावे आणि हातआरशात उजेडी पाहावे. आतल्या पांढऱ्या दिव्यांखाली सर्वच छटा गोड दिसतात. डबीवरच्या नावांवरही विसंबू नये. एका कंपनीची 'बेज' दुसरीची 'हनी' निघते. आणि 'नॅचरल' या नावाची छटा तर नेमकी कोणाच्या निसर्गाला धरून आहे, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही.

आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. येथे थंडीत पारा 10 अंशांच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात 44-45 वर चढतो. शेतावर, शाळेवर, बसथांब्यावर ज्यांचे जाणे-येणे असते त्यांचा चेहरा उन्हाळ्यात एक-दोन छटांनी गडद होतो. मान मात्र पदराखाली राहून तितकी रापत नाही. माघात घेतलेली डबी त्यामुळे वैशाखात जुळत नाही. कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग बहुतेकींचा मूळचाच अधिक गडद असतो, तेव्हा सबंध चेहरा एका डबीत बसविण्याचा हट्ट नसावा. लगतच्या दोन छटा घेऊन तळहातावर हव्या तशा मिसळाव्यात, आणि मेळ मानेशी व गळ्याशी घालावा. उन्हाळी कार्यात थर अगदी पातळ ठेवावा; जाड थर घामाने फाटतो आणि दुपारच्या पंगतीपर्यंत त्याला भेगा पडतात.

आणखी एक अडचण हळदीची. हळद लागल्यावर अंगाला जी पिवळी झाक चढते ती एक-दोन दिवस तरी राहते. त्या काळात छटा निवडली तर ती हमखास चुकते. निवड आणि चाचणी आठ-दहा दिवस आधी उरकावी, त्याच वेळी लेप कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस ठेवावा, म्हणजे खाज किंवा पुरळ उठत असल्यास कळते. लग्नाच्या सकाळी चेहरा धुतल्यावरही पिवळेपणा उरला असेल, तर थोडी पिवळसर छटा मिसळून घ्यावी. त्यावर गुलाबी पावडर चढवू नये.

लग्न ठरले की दोन-तीन महिने आधीपासून औषधांच्या दुकानातून गोरेपणाच्या नळ्या आणणाऱ्या घरांविषयी मात्र आम्हांस कळकळीने लिहावेसे वाटते. त्यांपैकी कित्येकींत स्टेरॉइड असते. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा तुकतुकीत दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, पुळ्या येतात, लव वाढते. आणि मलम थांबविले की जळजळ सुरू होते, म्हणून ते सोडवतही नाही. 2018 साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही ती ओळखीपाळखीने मिळतात. ज्या मुलीने ती वापरली, तिच्या चेहऱ्याला पुढे कोणतीच छटा जुळत नाही, कारण त्वचेचा रंगच जागोजागी निराळा झालेला असतो.

चांगल्या छटा आपल्या गावात मिळत नाहीत, ही तक्रार पूर्वी खरी होती. जी काही तीन-चार प्रकारची डबी येई तीत गडद वर्णाचा विचारच नसे. नाइलाजाने बायका फिकी छटा घेत आणि तिच्यात हळद-कुंकू मिसळून काम भागवीत. आता सावळ्या आणि काळ्यासावळ्या वर्णाच्या छटा पुष्कळ निघाल्या आहेत. दुकानदाराने त्या ठेवल्या नसतील तर मागवून घेता येतात. नागपूर सुमारे 200 किलोमीटर आणि हैदराबाद सुमारे 300. बस्ता बांधावयास आपण तेथे जातोच, तेव्हा त्याच फेरीत मुलीला बरोबर घेऊन दिवसाउजेडी ही खरेदीही करावी. तिला बरोबर नेणे महत्त्वाचे. पुष्कळदा तिच्या शालूचा तुकडा नेला जातो आणि ती घरीच असते.

आणि फोटोवाल्याला आधीच सांगून ठेवावे. हल्ली अल्बम करताना संगणकावर सगळ्यांचे चेहरे सरसकट उजळ करण्याची त्यांची रीत आहे, आणि ते न विचारता करतात. वधूचा, वराचा आणि दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांचा रंग आहे तसाच राहू द्यावा, हे छपाईपूर्वीचे नमुने पाहताना पुन्हा एकदा बजावावे. छापून आल्यावर त्यात काही करता येत नाही.