गठ्ठ्याने रवाना

संगणकीय जाळ्यावरील मजकूर लहान पाकिटांतून प्रवास करतो. दहा गिगाबिटच्या वाहिनीवर ६४ बाइटची पाकिटे सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख मावतात. म्हणजे एकामागे जेमतेम ६७ नॅनोसेकंद. एवढ्या अवधीत दर पाकिटागणिक संगणकाच्या मूळ प्रणालीची परवानगी मागणे परवडणारे नव्हे. पिसा विद्यापीठाच्या लुईजी रिझ्झो यांनी २०१२ साली मांडलेल्या ‘नेटमॅप’ने स्मृतीतील जागा आधीच राखली, नकला टाळल्या आणि एका परवानगीत अनेक पाकिटे सोडली. बँकेचे धनादेशही समाशोधनाला गठ्ठ्यानेच जात! शहाणपण असे की यंत्राची सूत्रे मूळ प्रणालीकडेच राहिली. तपासणी सुटली नाही. तरीही ९०० मेगाहर्ट्‌झच्या एकाच गाभ्याने वाहिनी पूर्ण भरली.