ताटाची डावी बाजू

ऑफिसमध्ये हेल्थ चेकअपचा कॅम्प होता. फुकट आहे म्हणून लाइनमध्ये उभी राहिले, एवढंच. दंडाला पट्टा बांधला, फुस्स-फुस्स झालं आणि आकडा आला १४८/९६. 'मशीन बिघडलंय बहुतेक,' मी हसत म्हटलं. दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजलं. मशीन ठणठणीत होतं. आणि माझं वय फक्त २८!

डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काही म्हणजे काही नाही. बीपीचा प्रॉब्लेमच हा आहे, ते सांगून येत नाही. आमच्या बाबांनाही सांगून आलं नव्हतं. ५४व्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हा कळलं की बीपी वाढलेलं होतं. बाबा आजही डाव्या हाताने सही करतात. त्यामुळे जागेवर परतेपर्यंत माझं हसू पार मावळलं होतं.

दोन आठवड्यांत आणखी तीनदा मोजून डॉक्टरांनी शिक्कामोर्तब केलं. म्हणाल्या, 'बाकी रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणून गोळीआधी तीन महिने देते. मीठ कमी कर आणि रोज चाल.'

'पण मॅडम, मी वरून मीठ घेतच नाही!'

'तू घेत नाहीस गं, तुला वाढलं जातं.'

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात सगळं आलं. घरी येऊन माझ्या लाडक्या नूडल्सचं पाकीट उलटं केलं. सोडियम ९०० मिलिग्रॅम! सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. म्हणजे सव्वादोन ग्रॅम एका बोलमध्येच. त्यावर चहासोबत फरसाण, डब्यात लोणचं, रात्री पापड. पापडातला पापडखार आणि ढोकळ्यातला खायचा सोडा, हेही सोडियमच बरं का!

मग आजीने वाढलेलं ताट आठवलं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. त्यातलं लोणचं बोटभर, चवीपुरतं. आपण काय करतो? लोणचं भाजीसारखं खातो आणि कोशिंबीर बोटभर! मी फक्त हे उलटं केलं. काकडी-गाजराची कोशिंबीर वाटीभर, मीठ न घालता. लिंबू, जिरेपूड, कोथिंबीर, दाण्याचं कूट पुरतं. शिवाय मीठ नसलं की डब्यात पाणीही सुटत नाही. कणकेतलं मीठ बंद केलं. भाकरीच्या पिठात आपण कुठे घालतो? पाच वाजता फरसाणऐवजी केळं किंवा साधे फुटाणे. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डॅश' अभ्यासातही हेच दिसलं होतं: फळं, भाज्या आणि कमी फॅटचं दूध-दही वाढवलं की बीपी उतरतं.

पहिले दहा दिवस आमटी अळणी लागली, खोटं कशाला बोलू? चौथ्या आठवड्यात मैत्रिणीने वेफर्स पुढे केले आणि मला ते चक्क खारट लागले. जीभ शिकते, तिला थोडा वेळ द्या.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. सैंधव म्हणजे 'हेल्दी मीठ' नव्हे, त्यातही मुख्यतः सोडियमच असतं. आणि कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास किंवा बीपीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका. चालू असलेली गोळी तर आपल्या मनाने कधीच बंद करू नका.

तीन महिन्यांनी माझा आकडा आला १३०/८४. गोळी सध्या लांबली, मोजणं चालूच आहे. आईने आता सगळ्यांच्याच आमटीतलं मीठ कमी केलंय. परवा बाबा सवयीने लोणच्याची बरणी उघडायला गेले, माझ्याकडे पाहिलं आणि कोशिंबिरीचं पातेलं पुढे ओढलं.

तुम्ही शेवटचं बीपी कधी मोजलंत?