अंगठेबहाद्दर

"आंटी, सब में 'नो' लिखना है."

हॅवलॉकच्या एका डायव्हिंग केंद्राच्या काउंटरवर माझ्या काकूला स्कूबाच्या अर्जाबद्दल मिळालेली माहिती एवढीच. काकूने चष्मा लावला, चार पानं उलटसुलट करून पाहिली, आणि शाळेत शुद्धलेखन लिहावं तशी एकाखाली एक 'नो, नो, नो' लिहीत गेली. शेवटी सही केली. मराठीत, पूर्ण नावाची, वळणदार. मी शेजारीच उभी होते. तौलनिक साहित्यात एम.ए., आणि गेली वीस वर्षं इंग्रजी-मराठी-हिंदीत ये-जा करून पोट भरणारी अनुवादक. मी काय करत होते, तर काकूचा फोटो काढत होते.

रात्री खोलीवर तो फोटो मोठा करून बघताना काकूच्या हाताखालचं पान वाचता आलं. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कधी फीट आली होती का, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का, रक्तदाबाची औषधं सुरू आहेत का. एकाही प्रश्नाला 'हो' असेल तर डॉक्टरची लेखी परवानगी आणल्याशिवाय पाण्यात उतरता येत नाही. काकू अठ्ठावन्न वर्षांची आहे, आणि इचलकरंजीहून निघताना कपड्यांच्या आधी तिने पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या भरल्या होत्या. खाली आणखी एक परिच्छेद होता: केंद्राच्या हलगर्जीपणामुळे काही झालं, तरी मी किंवा माझे वारस दावा करणार नाही. आणि त्याच्याही खाली: मी हे सर्व वाचलं आहे आणि मला ते समजलं आहे.

काकूला काही झालं नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण हा प्रसंग मी दिल्लीत ज्यांना ज्यांना सांगितला त्यांनी "काही झालं नाही ना? मग?" असंच विचारलं. माझं भांडण या 'मग'शी आहे.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या तेराव्या कलमात संमतीची व्याख्या आहे, आणि ती मला नेहमीच एखाद्या अनुवादकाने केल्यासारखी वाटते: दोन माणसांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला, तर ती संमती. एकाच अर्थाने! आमच्या वर्गांमध्ये या एका गोष्टीवर सत्रंच्या सत्रं वाया गेली आहेत. दोन भाषांत एकच अर्थ असतो का, असू शकतो का, वगैरे. काउंटरवर प्रश्न इतका खोल नव्हता. तिथे एका बाजूला अर्थ होता आणि दुसऱ्या बाजूला नुसती सही. ज्या बाईने चाळीस वर्षांपूर्वी मॅट्रिकला मराठीत पहिला नंबर काढला, तिला त्या कागदाने दोन मिनिटांत अंगठेबहाद्दर करून टाकलं. फरक इतकाच की पूर्वी अंगठा उठवणाऱ्याला निदान कुणीतरी कागद वाचून दाखवायचं.

याच देशात औषधांची चाचणी कुणावर करायची असेल, तर २०१९ च्या नियमांप्रमाणे संमतीचा कागद त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. म्हणजे हे अशक्य नाही, महागही नाही. गोळी गिळणाऱ्याला हा हक्क आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जाणाऱ्याला तो का नसावा?

त्याच वर्षी उन्हाळ्यात गुडगावच्या एका एजन्सीकडून मला काम आलं. दुसऱ्याच एका कंपनीसाठी, पण त्याच बेटावरचं. सरकारी कागदात हॅवलॉक २०१८ च्या डिसेंबरपासून स्वराज द्वीप आहे. माहितीपत्रकात अर्थातच हॅवलॉक. 'बेटावर राहणं, बेटावर काम करणं' असा मजकूर होता: पहाटे उठून समुद्र बघणारा प्रशिक्षक, कार्यालय नाही, बूट नाहीत, बॉस नाही, दिवसभर मासे, संध्याकाळी गिटार. नोकरी सोडून निळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाची ती कहाणी आता सगळ्या भाषांत एकसारखीच लिहिली जाते. मराठी माणसाने अंदमानला शतकभर काळं पाणी म्हटलं, आता त्याच पाण्याला निळं म्हणायचे मला शब्दामागे पैसे मिळणार होते. मी ते केलं. चांगलं केलं. आणि सोबत विचारलं, अर्जाचाही मराठी अनुवाद लागेल ना?

उत्तर आलं: लीगल इंग्रजीतच राहील.

म्हणजे बोलावणं मराठीत आणि जबाबदारी इंग्रजीत. गिऱ्हाइकाला त्याच्या मायबोलीत हाक मारायची, आणि तो आला की त्याला न कळणाऱ्या भाषेत हात झटकायचे. यात बेटाचा दोष नाही, समुद्राचा तर मुळीच नाही. दोष आमच्यासारख्यांचा आहे, कारण हाक आम्हीच मारून दिलेली असते.

मला सांगण्यात आलेली कारणं दोन. पहिलं, सूचना तोंडी देतातच, आणि हिंदी सगळ्यांना येतं. दिल्लीत राहणाऱ्याला हे फार लवकर पटतं. पण तोंडी सूचना वाऱ्यावर जाते, आणि वाद झालाच तर पुढे येतो तो कागद. त्या कागदावर काकूने तिला रक्तदाब नाही असं लिहून दिलेलं आहे. दुसरं कारण जास्त घरचं आहे, कारण ते मराठी माणसंच देतात: मराठीत त्याला शब्द कुठे आहेत?

शब्दांचं सांगते. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट होतो. कानाच्या पडद्यावर तो आधी जाणवतो, म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं असतं. याला मी पहिल्या खर्ड्यात 'कर्णदाब-समतोलन' असं लिहिलं होतं. ते वाचून कुणाचा कान उघडेल असं मला वाटत नाही. काकूला खाली घेऊन जाणारा मुलगा मालवणचा निघाला. तो म्हणाला, "कान मोकळे करायचे." बस. रेग्युलेटरला तो 'तोंडातली नळी' म्हणतो, कमरेच्या वजनाला 'शिशाचा पट्टा'. शिसं त्याच्या घरात स्कूबाच्या आधीपासून आहे, जाळ्याला लावतात ते. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना पाण्याखाली नेणारी पोरं रोज हीच भाषा बोलतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. शब्द आहेत. ते फक्त कागदावर आलेले नाहीत.

आणि जिथे शब्द घोटाळा करतात तिथे तर अनुवादक हवाच. स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर छाती भरून घेतलेली हवा वर येता येता दुप्पट जागा मागते. श्वास कोंडला तर फुप्फुस फाटू शकतं. काकू कमरेइतक्या पाण्यात उभी होती, घाबरलेली, मालवणच्या मुलाने तिची टाकी मागून धरलेली. तो सांगत होता, "काळजी करू नकात काकी, मी हयच आसंय." तिला धीर द्यावा म्हणून मी किनाऱ्यावरून ओरडले, "काकू, दम धर!"

मुलाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "ताई, तेवढं सांगू नकात."

मराठीत 'दम धर' म्हणजे थांब, धीराने घे. पाण्याखाली त्याचा अर्थ नेमका जे करायचं नाही ते. हे वीस वर्षं भाषेचं काम करणाऱ्या बाईला सुचलं नाही, आणि रोज चार-पाच अनोळखी माणसांचे श्वास मोजणाऱ्या मुलाला पक्कं माहीत होतं. अंगठ्याचंही तसंच. वर केलेला अंगठा पाण्याखाली 'छान' नसतो, 'मला वर ने' असतो. छानसाठी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करतात. काकूने तळाशी रंगीत मासे पाहिले आणि आनंदाने अंगठा दाखवला. मुलाने तिला लगेच वर आणलं. ती चिडली, पैसे पूर्ण दिलेत म्हणाली. तो हसला, पुन्हा घेऊन गेला. नियमाप्रमाणे त्याने बरोबर केलं होतं. चूक समजुतीची होती, आणि ती आम्ही सुधारली नव्हती.

या मुलाचा दिवस माहितीपत्रकातल्या दिवसासारखा नाही. पहाटे उठून तो समुद्र बघत नाही, कॉम्प्रेसरवर टाक्या भरतो. भरती-ओहोटी बघून बोट लागते, तिच्यावर टाक्या चढवतो. मग एकामागून एक पर्यटक: प्रत्येकाची टाकी धरून खाली जायचं, त्याचे कान, त्याची भीती, त्याचा व्हिडिओ सांभाळायचा, वर आणायचं. पर्यटक दिवसातून एकदा खाली जातो, हा अनेकदा. रक्तात विरघळणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब त्याच्या अंगात साठत जातो. दुपारनंतर सगळे रबरी सूट गोड्या पाण्यात धुवायचे, वाळत घालायचे. गिटार त्याला येत नाही. त्याला विचारलं, तुझा नोकरीचा करार कुठल्या भाषेत आहे रे? म्हणाला, इंग्रजीत. वाचलास? "सही केलंय," म्हणाला.

पुन्हा अंगठा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत तालकटोरा स्टेडियममध्ये अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या. मीही होते, गर्दीत, आनंदात. चारच महिन्यांपूर्वी मराठीला अभिजात दर्जा मिळाला होता, टाळ्यांना जोर होता. मला त्या टाळ्यांची चेष्टा करायची नाही. लोकभाषेची, बायकांच्या ओव्यांची आयुष्यभर कदर केलेल्या विदुषीसाठी त्या होत्या आणि योग्य होत्या. पण आम्हा अनुवादकांच्या घोळक्यात चहा पिताना चर्चा कुठली, तर कादंबरीतली बोली इंग्रजीत कशी नेावी, तळटीप द्यावी की नको. मी अर्जाचा विषय काढला. एका जुन्या मित्राने प्रेमाने समजावलं, "अगं, ते साहित्य नाही."

नसेल. पण वाचकाच्या फुप्फुसाशी इतका थेट संबंध असलेलं दुसरं लेखन मला तरी माहीत नाही. आम्ही कवितेतल्या एका स्वल्पविरामासाठी संपादकांशी आठवडाभर भांडतो, आणि जिथे एक 'हो' आणि एक 'नाही' यांच्यात माणूस असतो, तिथे "लीगल इंग्रजीतच राहील" हे निमूट ऐकून बिल पाठवतो. मीही पाठवलं. पैसे वेळेवर आले, हेही सांगायला हवं.

त्यानंतर नोव्हेंबरमध्ये, दिल्लीची हवा नेहमीप्रमाणे विटलेली, खिडक्या बंद, मी घरात अडकलेली असताना तो अर्ज कुणीही न सांगता मराठीत केला. दोन रात्री लागल्या. 'कर्णदाब-समतोलन' गेलं, 'कान मोकळे करणे' आलं. 'श्वास रोखू नका'च्या पुढे कंसात लिहिलं: पाण्याखाली दम धरू नका. एकदाच खाली गेला असाल तरी पुढचे बारा तास विमानात बसू नका, ही ओळ मूळ अर्जात तिसऱ्या पानाच्या तळाशी होती, ती पहिल्या पानावर घेतली; अनुवादकाने एवढं स्वातंत्र्य घेऊ नये असं मीच शिकवत आले आहे. हलगर्जीपणाचा परिच्छेद मात्र जसाच्या तसा ठेवला, मराठीत तो कसा वाचला जातो ते दिसावं म्हणून.

एजन्सीला पाठवला, फुकट वापरा म्हटलं. आभाराचा निरोप आला, पुढे काही नाही. मग काकूला व्हॉट्सॲपवर पाठवला, वाचून बघ, कुठे अडतेस का सांग म्हणून.

अर्ध्या तासाने तिचा निरोप आला. कुठे अडली नव्हती. सातव्या प्रश्नाखाली तिने उत्तर लिहिलं होतं: "हो. दोन गोळ्या. सकाळी एक, रात्री एक. हे त्यांनी तेव्हा का नाही विचारलं गं?"