अंगावर काढलेले दुखणे

कलाशाखेच्या वार्षिकात संगणकाविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु प्रवेश-अर्ज, परीक्षेचा निकाल, बँकेचे खाते, रुग्णालयातील नोंद हे सारे आज संकेतस्थळांवरून चालते, आणि या संकेतस्थळांच्या बाबतीत एक दुखणे सर्रास अंगावर काढले जाते. त्याची झळ शेवटी आपल्यालाच लागते.

कोणतेही संकेतस्थळ कोणी पहिल्या ओळीपासून स्वतः लिहीत नाही. यादी उघडणे, तारीख दाखवणे, परवलीचा शब्द तपासणे अशा कामांसाठी इतरांनी लिहिलेल्या तयार आज्ञावल्या, म्हणजेच लायब्रऱ्या, घेतल्या जातात. आपले घर असे दुसऱ्याने घडवलेल्या वाशांवर उभे राहते. तो सुतार नव्या आवृत्त्या काढत राहतो आणि कधीतरी जुन्या वाशांची जबाबदारी सोडून देतो. मग प्रश्न पडतो : राहत्या घराचा वासा बदलावा की बदलू नये?

“चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा?” असे म्हणणाऱ्यांचा पक्ष मोठा आहे, आणि तो केवळ आळशी माणसांचा पक्ष नव्हे. जेक्वेरी ही संकेतस्थळांसाठी अतिशय लोकप्रिय झालेली लायब्ररी. जानेवारी २०१३ मध्ये तिच्या १.९ या आवृत्तीतून कित्येक जुन्या सोयी काढून टाकण्यात आल्या. जुन्या लिखाणाची अडचण होऊ नये म्हणून ‘मायग्रेट’ नावाचा एक टेकूही देण्यात आला. संकेतस्थळे उभारण्याच्या वर्डप्रेस या साधनाने तो सात वर्षे लावून ठेवला. ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ या आवृत्तीत तो काढला मात्र, आणि कित्येक संकेतस्थळांवरील बटणे दाद देईनाशी झाली. अखेर तोच टेकू परत लावून देणारे जोडसाधन वर्डप्रेसच्या मंडळींना पुरवावे लागले.

नवे म्हणजे निर्दोष असेही नाही. गुप्त संदेशवहनासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष एप्रिल २०१४ मध्ये जगापुढे आला. तो २०१२ साली निघालेल्या १.०.१ या आवृत्तीपासून शिरलेला होता, १.०.० वर थांबलेले लोक त्यातून वाचले! मग जुने ते सोने म्हणून स्वस्थ बसावे काय?

स्वस्थ बसण्याची किंमत २०१७ साली अमेरिकेत दिसली. इक्विफॅक्स ही नागरिकांच्या कर्जव्यवहारांच्या नोंदी ठेवणारी कंपनी. तिच्या संकेतस्थळात वापरलेल्या अपाची स्ट्रट्स या आज्ञावलीतील दोष आणि त्यावरची दुरुस्ती मार्च महिन्यातच जाहीर झाली होती. ती वेळेवर बसवली गेली नाही. मे महिन्यापासून चोरांनी त्याच वाटेने आत शिरून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती नेली. त्यांतील कित्येकांनी या कंपनीशी स्वतःहून कधी व्यवहारही केला नव्हता. चूक एकाची, शिक्षा दुसऱ्याला!

माझे मत असे की, बदलात धोका आहे हे खरे. पण त्या धोक्याचा मोठा वाटा आपल्या दिरंगाईनेच निर्माण होतो. वर्डप्रेसच्या जोडसाधनांच्या लेखकांना बदलाची चाहूल सात वर्षे आधी लागलेली होती. दरवर्षी एक पायरी चढणारा दमत नाही. सात पायऱ्या एका उडीत चढू पाहणारा पडतो, आणि मग दोष जिन्याला देतो. हार्टब्लीडच्या वेळी जुन्या आवृत्तीवाले वाचले ते दैवाने. बाकीच्यांना तारले ते दुरुस्त आवृत्ती तातडीने बसवण्याच्या तयारीने.

ही तयारी म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. काय बदलले ते वाचावे, मूळ संकेतस्थळाला हात लावण्यापूर्वी त्याच्या प्रतीवर प्रयोग करावा, जुन्या सोयी चालतात की नाही ते तपासावे, एका वेळी एकच घटक बदलावा आणि परतीची वाट मोकळी ठेवावी. पण यासाठी वेळ लागतो, पैसा लागतो आणि एक जबाबदार माणूस लागतो. उद्घाटनाच्या नारळाला पैसे असतात, डागडुजीला नसतात, हे आपले जुनेच दुखणे आहे.

आणि येथेच कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा संबंध येतो. उद्या आपल्यापैकी कोणी ग्रंथालय सांभाळेल, कोणी संपादक होईल, कोणी संस्थेच्या कार्यकारिणीवर बसेल. आज्ञावली लिहिणारा दुसरा असेल, पण “यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू” हे वाक्य उच्चारणारे बहुधा आपणच असू. ते उच्चारण्यापूर्वी एवढेच विचारावे की, या संकेतस्थळावर ज्यांची नावे, जन्मतारखा आणि खाती विसंबून आहेत, त्यांना आपण हे विचारले आहे काय?